काट्यामागची नळी, काट्यामागची वायर
(प्रस्तावना)

मराठीत प्रस्तावना लिहिणाऱ्याला पूर्वापार दोन सवलती आहेत. त्याने पुस्तकाशी भांडलं तरी चालतं, आणि ते भांडण पुस्तकाच्याच खर्चाने छापलं जातं. या पुस्तिकेच्या लेखकाने मला दोन्ही सवलती आपण होऊन दिल्या. "काका, तुम्ही माझं ऐकणार नाहीच. मग निदान लिहून तरी द्या," असं म्हणून त्याने वहीच माझ्या हातात ठेवली. पहिल्या पानावर ग्रीसने भरलेला अंगठा उमटला होता. तो छपाईत येणार नाही याचं मला वाईट वाटतं.

विषय एका ओळीचा आहे. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर लावायचे तर मेकॅनिकल लावावेत की इलेक्ट्रिकल? मीटर म्हणजे गॅरेजच्या भाषेत सगळंच आलं: तेलाचं प्रेशर, पाण्याचं तापमान, टाकीतलं पेट्रोल, बॅटरीचं चार्जिंग. मेकॅनिकल मीटरमध्ये इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत खरीखुरी नळी येते आणि नळीतला दाबच काट्याला ढकलतो. इलेक्ट्रिकलमध्ये इंजिनावर सेन्सर बसतो, तिथून एक वायर निघते आणि काटा विजेवर हलतो. फरक एवढाच. पण एवढ्याशा फरकावरून लेखकाचं आणि माझं गॅरेजच्या दारातल्या स्टुलांवर, कटिंग चहाच्या साक्षीने, वर्षानुवर्षं वाजत आलं आहे. त्याचं म्हणणं, "नळी तुटली तर कळतं तरी. वायर तुटली तर कळतच नाही." माझं म्हणणं, कळतं खरं, पण कळेपर्यंत बूट तेलाने भरलेला असतो.

बूट खरोखर भरला होता. ते पुढे येईलच.

आधी एका शंकेचं उत्तर देऊन टाकतो, कारण जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण ती विचारतो. मीटर कशाला, दिवा आहे की! प्रीमिअर पद्मिनीत तेलासाठी लाल दिवाच होता आणि त्या दिव्याच्या भरवशावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी काही दशकं काढली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. तेव्हा दिवा वाईट असं कोण म्हणेल? पण दिव्याचा स्विच काय करतो ते बघा. गॅरेजमध्ये दाब पौंडांत मोजतात, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड. चांगल्या इंजिनात गाडी पळताना तेलाचं प्रेशर ३५-४० पौंड असतं. दिव्याचा स्विच जागा होतो तो साधारण ५ ते ७ पौंडांवर. मधल्या सगळ्या उताराबद्दल दिवा चकार शब्द काढत नाही. बेअरिंगं झिजत आली, तेल पातळ झालं, पंप थकला, प्रेशर ४० वरून ३० वर, ३० वरून २० वर आलं, तरी दिवा विझलेलाच. तो पेटतो तेव्हा कनेक्टिंग रॉडने ठोकायला सुरुवात केलेली असते. अमेरिकेत हडसन कंपनीने १९३० च्या दशकात काट्याच्या जागी असे दिवे आणले, आणि तिथले लोक त्यांना आजही मूर्खांचे दिवे म्हणतात. मी इतका कडक नाही. दिवा डोळ्यांत भरतो, काटा भरत नाही. म्हणून माझ्या गाडीत दोन्ही आहेत: इंजिनावर एक टी जोड, एका तोंडाला मीटर, दुसऱ्याला दिव्याचा स्विच. लेखकाने ही जोडणी पुस्तिकेत काढून दाखवली आहे. तिच्याबद्दल आमचं भांडण नाही.

आता नळीकडे येऊ. मेकॅनिकल मीटरचा मागचा पत्रा उघडला की आत विळ्यासारखी वाकवलेली पितळी नळी दिसते. ती गोल नसते, चपटी दाबलेली असते. एक टोक बंद, दुसऱ्या टोकातून तेलाचा दाब आत येतो. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की सुळकन सरळ होते, तसं आत दाब आला की ही नळी थोडीशी उलगडते. कागदाची पिपाणी हातभर पळते, पितळेची नळी मिलिमीटरभर-दोन मिलिमीटर. तेवढं हलणं दातेरी चकतीने मोठं करून काट्याला दिलं की झालं. फ्रान्समधल्या यूजेन बूरदाँने १८४९ साली याचं पेटंट घेतलं. वाफेच्या यंत्रासाठी केलेली वेटोळ्याची नळी चपटी झाली, ती फुगवून पूर्ववत करायला आत दाब दिला, तर ती उलगडू लागली. तिथून त्याला ही युक्ती सुचली, असं सांगतात. तेव्हापासून आजतागायत या विळ्यात सांगण्यासारखा बदल झालेला नाही. टायरमध्ये हवा भरतानाचा गोल मीटर, वेल्डिंगच्या सिलिंडरवरचे मीटर, एअर ब्रेकच्या जुन्या एसटीत ड्रायव्हरसमोरचा हवेचा मीटर, सगळ्यांत हाच विळा. सकाळी पहिली गाडी काढताना इंजिन चालू ठेवून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबलेला एसटीचा ड्रायव्हर ज्याने पाहिला आहे, त्याला काट्यावरचा विश्वास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

पाण्याच्या तापमानाचा मेकॅनिकल मीटर तर मला यंत्रापेक्षा वैद्याचा प्रकार वाटतो. त्यातही तोच विळा असतो, पण त्याच्यापर्यंत गाडीतलं पाणी येत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये बोटाच्या पेराएवढा पितळी बल्ब बसतो, त्याला केसासारखं बारीक भोक असलेली तांब्याची लांब नळी, ती थेट मीटरपर्यंत. आणि हे सगळं कारखान्यातच कायमचं बंद केलेलं. बहुतेक जुन्या मीटरांच्या बल्बात ईथर असतं. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन तापलं की बल्बातल्या ईथरची वाफ होते, वाफेचा दाब नळीतून विळ्यापर्यंत पोचतो आणि काटा उठतो. इंजिन गार असताना हा काटा मेल्यासारखा पडून का असतो, याचं उत्तर इथे आहे. वाफेचा दाब तापमानाबरोबर आधी हळू आणि मग झपाट्याने वाढतो, म्हणून तबकडीवरचे आकडेही ६०-७० पर्यंत दाटीवाटीने आणि ९० च्या पुढे ऐसपैस असतात. जिथे तुम्हाला बारकाईने बघायचं असतं नेमकं तिथेच ही तबकडी मोकळी होते. कोणी मुद्दाम योजलेलं नाही, ईथरचा स्वभावच तसा आहे.

आणि ही नळी एकदा तुटली की मीटर मेला. जोड दिला तरी आतलं ईथर उडून गेलेलं असतं. जुन्या जीपच्या मूळ तबकडीवर जीव असलेली माणसं त्यावरही उपाय करतात, आणि हा उपाय मी लेखकाच्या हातून प्रत्यक्ष पाहिला आहे. बाजारातून स्वस्तातला नवा मेकॅनिकल मीटर आणायचा. त्याचा बल्ब बर्फ आणि खडेमिठाच्या भांड्यात गाडून ठेवायचा. बल्ब पुरता गारठला की आतलं ईथर तिथेच थिजल्यासारखं बसून राहतं आणि नळी कापली तरी बाहेर पडत नाही. मग नवी नळी कापून जुन्या मीटरच्या खुंटाला लावायची, वरून छोटी पितळी बाही चढवायची आणि डाख द्यायचा. डाख बारीक भोकात शिरला तर सगळं वाया. लेखकाने त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि मला बोलू दिलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी बल्ब गरम पाण्यात घातला, काटा थरथरला आणि उठला. त्याने काही न बोलता माझ्याकडे असं बघितलं की मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचा वाद तिथेच मिटला असावा. ईथर भडका घेतं, तेव्हा हे काम घरच्या ओट्यावर करायचं नाही, हे त्याने पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं आहे. त्याहून ठळक लिहायला हवं होतं.

आता बूट. पावसाळा संपता संपता आम्ही दोघे जण जीपने वाईला निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढून उतारावर लागलो आणि तेलाचा काटा शून्यावर आला. मेकॅनिकल मीटर, त्याला तांब्याची नळी, आधीच्या मालकाने कधीतरी लावलेली. इंजिनाचा आवाज ठीक होता, म्हणून मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "मीटर गेला." दुसऱ्याच क्षणाला उजव्या पायावर काहीतरी कोमट सांडल्यासारखं झालं, आणि ते कोमटाचं चांगलंच गरम व्हायला वेळ लागला नाही. डॅशबोर्डच्या मागे नळी चिरली होती आणि इंजिन आपलं तेल इमानेइतबारे माझ्या बुटात भरत होतं. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. डबक्यासारखं साचलेलं तेल पाहून बरोबरच्याने विचारलं, "किती राहिलं असेल?" डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम लागत होतं. शेवटी पकडीने नळी इंजिनाच्या बाजूला दोनदा दुमडली, दुमड दगडावर ठेवून ठोकून चेपली, डब्यातलं तेल ओतलं आणि काट्याशिवाय सुरूर फाट्यापर्यंत गेलो. तांब्याची नळी अशी दुमडून बंद करता येते, ही तिची एक चांगली बाजू मला त्या दिवशी कळली.

नळी चिरली का? इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ते हलतं, बॉडी हलत नाही, आणि मधली तांब्याची नळी रोज थोडी थोडी वाकते. तांबं असं वाकत राहिलं की कडक होतं आणि एक दिवस चिरतं. म्हणून जाणकार माणूस नळीला इंजिनापाशी दोन-तीन वेटोळी देतो, पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच बसवतो आणि इंजिनाच्या टोकाला सुईच्या नेढ्याएवढं भोक असलेला जोड घालतो. मीटरला दाब पोचायला तेवढं भोक पुष्कळ होतं. नळी तुटलीच तर तेल धो धो न जाता झिरपत जातं, तुम्हाला थांबायला अवधी मिळतो. आधीच्या मालकाने यातलं काही केलं नव्हतं. मीटरच्या डब्यात येणारी नायलॉनची नळीही असते. ती लावायला सोपी, पण एक्झॉस्टजवळून नेली की कडक होते आणि मग काचेसारखी तुटते. खर्च करायचा तर स्टीलच्या जाळीची नळी घ्यावी.

एवढं झाल्यावर मी इलेक्ट्रिकलच्या बाजूला गेलो यात नवल नाही. वायरमधून तेल गळत नाही! इंजिनावरचा सेन्सर म्हणजे बदलता रोध. तेलाचा असेल तर दाबाने हलणाऱ्या पडद्याला जोडलेला, पाण्याचा असेल तर तापला की रोध कमी होणारा पदार्थ. गरम झाल्यावर काही पदार्थांतून वीज जास्त सहज वाहते हे मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर पाहिलं होतं. त्याच्या त्या निरीक्षणाचे वंशज आज प्रत्येक मोटारीच्या हेडमध्ये बसलेले आहेत. सेन्सरला बहुधा एकच वायर असते. वीज परत जाते ती इंजिनाच्या लोखंडातून, म्हणजे अर्थमधून. इलेक्ट्रिकल मीटरची बहुतेक दुखणी वायरमध्ये नसतात, या अर्थमध्ये असतात.

एकदा कोकणातून एक गाडी लेखकाकडे आली. मालकाची तक्रार शब्दशः अशी होती: "डावीकडे वळायचा दिवा लावला की इंजिन तापतं." आम्ही हसलो, पण तक्रार खरी होती. दिवा लुकलुकला की त्याच तालावर तापमानाचा काटा उड्या मारायचा. हेडलाइट लावली की काटा दहा अंश चढून तिथेच बसायचा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडून तुटत आली होती, आणि दिव्यांची वीज घरी जायला मीटरची वाट वापरत होती. पट्टी बदलली आणि इंजिन कोणत्याही बाजूला वळताना तापेनासं झालं. कोकणात आणि गोव्यात इलेक्ट्रिकल मीटर लावणाऱ्याने हे प्रकरण दोनदा वाचावं. आणि सेन्सर बसवताना आट्यांना नळकामाची पांढरी टेप गुंडाळू नये. पाणी थांबवण्याच्या नादात अर्थ तुटू शकतो.

इलेक्ट्रिकल म्हणजे एकच जात, असंही नाही. ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत काट्याला द्विधातू पट्टी असते, तिच्याभोवती तापणारी तार. तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो, म्हणून तो आळसावलेल्या माणसासारखा सावकाश उठतो. या मीटरांना बॅटरीची कमी-जास्त वीज चालत नाही. एक छोटी डबी ती सरासरी १० व्होल्टवर आणून देते. ती डबी बिघडली की टाकीतलं पेट्रोल आणि इंजिनाचं तापमान एकदमच वाढलेलं दिसतं. पेट्रोल आपोआप वाढलं तर आनंद मानण्याआधी ती डबी बघावी. नंतर आले ते दोन वेटोळ्यांचे मीटर, ज्यांत एक वेटोळं काटा इकडे ओढतं, दुसरं तिकडे. बॅटरी उतरली तर दोघांचा जोर सारखाच कमी होतो, म्हणून काटा फसत नाही. हल्लीचे चांगले मीटर लहानशा मोटरवर काटा फिरवतात आणि पाऊण वर्तुळ हिंडतात. त्यांना मेकॅनिकलपेक्षा कमी अचूक म्हणणं आता खोटं ठरेल.

मग मी अजून लेखकाशी पूर्ण का भांडत नाही? कारण वायर तुटल्यावर काय होतं याबद्दल तो बरोबर आहे. तापमानाचा सेन्सर गार असताना रोध जास्त असतो. वायर तुटली म्हणजे रोध अनंत, म्हणजे मीटरच्या समजुतीप्रमाणे इंजिन थंडगार. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या गाड्या ज्यांना आठवतात, त्यांना चढावर थंडगार दिसणाऱ्या काट्याचा अर्थ कळेल. उलट वायर कुठे बॉडीला लागली तर काटा लाल पट्ट्यात जाऊन आदळतो, आणि तुम्ही विनाकारण थांबता. दुसरी चूक मला हजारदा चालेल. एक गोष्ट मात्र दोन्ही जातींना लागू आहे आणि लेखकाने ती विसरून चालणार नाही: रेडिएटर फुटून पाणीच गेलं, तर बल्ब किंवा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक उतरला तर जीव भांड्यात पडू देऊ नये, गाडी थांबवावी.

वायरवर चालणाऱ्या काट्याला खोटं बोलायला शिकवता येतं, हेही खरं. माझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स गाडीत सुरुवातीला तेलाचा खरा मीटर होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तबकडी तशीच ठेवून मागे साधा स्विच बसवला गेला. प्रेशर थोडंसं असलं तरी काटा मध्यावर जाऊन ऐटीत उभा. म्हणजे दिवाच, काट्याच्या वेशातला. आजच्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा ७५-८० पासून शंभरीच्या पुढेपर्यंत मुद्दाम हलू दिला जात नाही, कारण हलला की ग्राहक सर्व्हिस सेंटरला फोन करतो. आणि कितीतरी लहान गाड्यांत काटाच नाही: गार असताना निळा दिवा, तापल्यावर लाल. विळ्याला असलं शिकवता येत नाही.

आटे आणि ओहम यांच्यावर लेखकाने एक संपूर्ण प्रकरण खर्च केलं आहे आणि पुस्तिकेची किंमत त्या एका प्रकरणात वसूल होते. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मीटर आणि सेन्सर वेगवेगळ्या ढिगांतून उचलणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे. सेन्सरचे आटे बहुधा 'एक सुती' म्हणून ओळखले जातात. नाव एक सुताचं, अंगाने मात्र तीन सूत, कारण मोजमाप नळीच्या आतल्या भोकाचं. त्यातही ब्रिटिश एक सुती आट्याला इंचात २८ वेढे आणि व्यास ९.७ मिलिमीटर, तर अमेरिकन आट्याला २७ वेढे, व्यास १०.३ आणि वर निमुळता. अ‍ॅम्बॅसॅडर ब्रिटिश वंशाची, जीप अमेरिकन वंशाची. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये दोन वेढे बेमालूम जातो आणि मग अडतो. तिथे पान्ह्याला जोर देणारा माणूस ब्लॉकचे आटे खातो. ओहमची गंमत याहून मोठी. टाकीच्या फ्लोटचा अमेरिकन हिशेब रिकामी असताना २४० ओहम, भरलेली असताना ३३. युरोपीय हिशेब रिकामीला १०, भरलेलीला १८०. अमेरिकन मीटरला युरोपीय फ्लोट जोडला की टाकी रिकामी होत जाईल तसा काटा भरत जातो. अशी गाडी मी चालवली आहे. सवय होते.

आता माझं मत, एकदाच आणि स्पष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवर पाच गोल मीटर होते. वेगाचा काटा केबलवर, तेलाचं प्रेशर नळीवर, पाण्याचं तापमान ईथरच्या नळीवर, पेट्रोल आणि अँपिअर विजेवर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने माझगावला जिची जोडणी सुरू केली ती याच घराण्यातली. विलीजच्या रचनाकारांनी एकच जात निवडली नव्हती. प्रत्येक मीटरमागे जे सोयीचं ते घेतलं होतं. तेच डोकं आपण वापरावं. उघड्या जीपमध्ये तेलाला नळी उत्तम. तेल सांडलं तर पत्र्यावर सांडेल आणि धुवून निघेल. शिवाय जुनी जीप ६ व्होल्टवरून १२ वर आणताना इलेक्ट्रिकल मीटर जळतात, नळीला व्होल्ट कशाशी खातात तेही ठाऊक नसतं. पण बंद गाडीत, जिथे खाली गालिचा आहे आणि मागे नातवंडं बसतात, तिथे गरम तेलाची नळी आणू नये. तिथे चांगल्या जातीचा, सेन्सर आणि मीटर एकाच कंपनीचे असलेला इलेक्ट्रिकल जोड घ्यावा. तापमानाला, डॅशबोर्ड इंजिनाजवळ असेल तर ईथर. इंजिन मागे असेल किंवा नळी लांब न्यावी लागत असेल तर वायर, कारण ती नळी कापता येत नाही आणि वाढवताही येत नाही. टर्बोच्या बूस्टचा मीटर खुशाल मेकॅनिकल घ्या, नळीतून हवाच येते. पेट्रोलच्या प्रेशरचा मेकॅनिकल मीटर केबिनमध्ये कधीही, कोणत्याही कारणाने लावू नये. या एका वाक्यासाठी मी लेखकाशी तीन आठवडे अबोला धरला होता. आता ते वाक्य पुस्तिकेत आहे. अँपिअरचा मीटरही काढावा. गाडीच्या चार्जिंगची सगळी वीज त्याच्यातून डॅशबोर्डमागे जाऊन परत येते. डायनॅमोच्या काळी ते निभावलं, मोठा अल्टरनेटर बसवल्यावर ते आगीला आमंत्रण आहे. त्याजागी व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसलं की बघायचं कारण नाही.

लेखक यातलं निम्मं मानतो. त्याची चित्रं हाताने काढलेली आहेत, वायरिंगच्या रेघा सरळ नाहीत, पण एकही रेघ चुकीच्या जागी जात नाही. छापखान्याने ती 'स्वच्छ' करून देण्याची तयारी दाखवली होती, ती आम्ही दोघांनी मिळून नाकारली. गेल्या कित्येक वर्षांतलं आमचं हे पहिलं एकमत.

शेवटी एक विनंती. नवा मीटर, कोणत्याही जातीचा, गाडीत बसवण्याआधी घरी तपासून घ्या. पातेल्यात पाणी उकळा आणि बल्ब बुडवा, तळाला टेकू देऊ नका. सेन्सर असेल तर फक्त धातूचं टोक पाण्यात, आणि बॅटरीची अर्थ त्याच्या अंगाला पकडून. मुंबईत काटा १०० वर यायला हवा, पुण्यात ९८ वर आणि महाबळेश्वरला ९५ च्या जरा पुढे, कारण तिथे पाणी तेवढ्यालाच उकळतं. आणि पातेलं जुनं घ्या. मशीनचं तेल लागलेल्या पातेल्यात नंतर चहा होत नाही.